आबांचं काढून टाकलेलं पान

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलो. भुसावळला कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सगळी नोकरी झाली, त्यामुळे 'आधी रीडिंग दाखवा, मग बोला' हे माझं ठरलेलं वाक्य. आता तुमच्यासमोर मीच लिहायला बसलोय, तर हसा खुशाल. लाज वाटतेच आहे... पण ती त्याची नाही.

आमचं गाव सावद्याजवळ. नाव देत नाही. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये. पगारी माणूस एकही नाही. घराघराला पाळी लावलेली. ज्याची पाळी तो आठवडाभर कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तकं देतो-घेतो. आणि रोज संध्याकाळी पाचला पेपर मोठ्याने वाचतो. केळीच्या बागेतून परतलेली माणसं बसून ऐकतात. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी पाच-सात जण येतातच.

ही पद्धत सुखदेव आबांची. वाचनालयही त्यांनीच सुरू केलं — देवळामागे नव्हे, बौद्धवाड्यात, स्वतःच्या घराच्या ओट्यावर. दिवसभर गवंडीकाम करायचे आणि पाचला हातपाय धुऊन वाचायला बसायचे. माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. फौजेतल्या काकांची पत्रं ते आबांकडून वाचून घ्यायचे, हे मला वडिलांनीच सांगितलेलं. चार वर्षांनी पुस्तकं वाढली, हॉल झाला, कपाटं तिकडे गेली. आबांना मात्र कमिटीत कुणी घेतलं नाही. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव होता — हॉलपासून मोजून. स्मरणिका काढायचं ठरलं आणि रिटायर्ड म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आबांवर अख्खं पान लिहिलं. अध्यक्षांनी ते शांतपणे वाचलं, चहा मागवला आणि म्हणाले, "छान लिहिलंय. पण सुरुवात हॉलपासून धरू. आधीचं कशाला उकरायचं?"

मी 'बरं' म्हणालो. कुणी धमकावलं नव्हतं, माझं काही अडलं नव्हतं. नुसतं वाईट दिसायला नको म्हणून 'बरं'. घरी येऊन माझ्याच हाताने ते पान काढलं आणि 'हॉलमध्ये वाचनालयाची मुहूर्तमेढ रोवली गेली' असं ठोकून दिलं.

कार्यक्रम सकाळी अकराला होता. मंडपात दोनेकशे माणसं असतील. मी स्मरणिका हातात धरून छापील इतिहास शब्द न् शब्द वाचला. मधे थांबलो नाही, मान वर केली नाही. करायची हिंमतच नव्हती, कारण दुसऱ्या रांगेत आबांची थोरली मुलगी, इंदूअक्का, बसली होती.

खाली उतरलो तर जुन्या हेडमास्तरांनी माझा हात धरला. आबांचं नाव आज घेतलंत, बरं केलंत, म्हणाले. मला वाटलं, टोमणा आहे. घरी जाताना बायको म्हणाली, गोणपाटांचं सांगितलंत तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, कसली गोणपाटं? तर म्हणे, ऐकायला येणाऱ्यांसाठी आबांच्या बायकोने गोणपाटं जोडून बैठक शिवली होती, पावसाळ्यात ती चुलीजवळ वाळवायची... हे म्हणे मी स्टेजवरून सांगितलं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. काढून टाकलेल्या पानातही ते नव्हतं.

पुतणीने मोबाइलवर सगळा व्हिडिओ काढला होता. आम्ही दोघांनी तो दोनदा पाहिला. त्यात मी छापलेलंच वाचतोय, सलग, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बायकोने मोबाइल पुतणीला परत दिला. मग एवढंच म्हणाली, "मी माझ्या कानांनी ऐकलंय." अध्यक्षांना मात्र वेगळं काहीच ऐकू आलं नव्हतं, ते भाषणावर खूश होते. ऊन, दमणूक, माइकचा घोळ, मंडपातली कुजबुज — मी सगळं जमवून पाहिलं. कशातच ती गोणपाटं बसेनात.

चौथ्या दिवशी दुपारी इंदूअक्का घरी आली. एकटी राहते, कधी कुणाकडे जात नाही. पिशवीतून तिने स्मरणिका काढली.

"मायची गोणपाटं तुले कोनं सांगितली?" तिने विचारलं. "मी अन् मायच वाळू घालत व्हतो ती. दुसऱ्या कोनाले ठाऊक नाई."

मी तिला बसायला खुर्ची दिली. मग ती म्हणाली, आबा गावाला वाचून दाखवायचे, पण धाकटी भावंडं सांभाळायला घरी तीच राहिली, शाळा काही झाली नाही. तिने स्मरणिका माझ्यापुढे सरकवली.

"मले वाचता येत नाई, भाऊ. आबाचं नाव कुठी हाये, तेवढं बोट धरून दाखव."

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी इतिहासाचं पान उघडलं. लेखाच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, एक नाव होतं... माझं. मी अक्काचं बोट धरलं आणि त्यावर ठेवलं.

तिने बोट तसंच ठेवलं बराच वेळ. मग ते कपाळाला लावलं.

"बारीक हाये," ती म्हणाली. "पन छापलं तू."

त्या दिवशी मंडपात लोकांनी काय ऐकलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा. पण माझी झोप त्याने उडालेली नाही. अक्का घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पान उघडून दाखवते, बरोबर त्याच जागी बोट ठेवून. ज्यांनी त्या दिवशी ऐकलंय, ते वाचत बसत नाहीत, नुसती मान हलवतात.

दिवाळीला तिची नात येणार आहे. नाशिकला शिक्षिका आहे ती. तिच्याकडून सगळं पान मोठ्याने वाचून घ्यायचं, असं अक्काने ठरवलंय.

मी अजून अक्काकडे गेलेलो नाही.