पाप तीन

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या ऊर्मिला आपटीकर यांच्या नावावर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत एकही धड पाप नव्हतं. कचऱ्यात हिरव्या बाटल्या हिरव्यांत, पांढऱ्या पांढऱ्यांत; रविवारी शेजाऱ्यांच्या शांततेसाठी मिक्सर बंद. तरीही एका बुधवारी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातून फोन आला आणि पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "फ्राऊ आपटीकर, तुमचा पाप तीन आलाय."

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ही म्हणतेय, माझी तीन पापं निघाली."

"तीनच? मला विचारायचं, यादी दिली असती!" गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शशिकांतराव म्हणाले खरे, पण हातातला चहा बशीत सांडला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीला इथे 'पाप' म्हणतात. सगळं उत्तम असलं तरी 'पाप एक'. शून्यावर कुणी सुटत नाही; तीन म्हणजे पेशी वेगळ्या दिसताहेत. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ, कोरडी होते आणि पेशी उगाचच वेगळ्या दिसू शकतात. "पण नेहमी उगाचच असतं असं नाही," बाई म्हणाल्या. "सांगते तसं हार्मोनचं मलम लावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." टर्मिन, म्हणजे डॉक्टरांची वेळ, मिळाली अठ्ठावीस ऑक्टोबरची.

आणि मिरजेला थोरल्या बहिणीकडे, सुरेखाताईकडे जायचं म्हणून दहा ऑक्टोबरचं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. सहा वर्षांनी. ते रद्द झालं.

"काही जमत नाहीये गं," एवढंच त्या ताईला म्हणाल्या.

"बरं. कधी येतेस मग?" ताईने नेहमीचं विचारलं.

तसं इथे काही कमी नव्हतं. नवरा रोज संध्याकाळी न बोलता भाजी चिरून द्यायला लागला होता, हे त्याचं प्रेमच. पण शरीराच्या त्या भागासाठी ऊर्मिलाबाईंना जर्मनमधले सगळे शब्द येत, आणि मराठीत एकही तोंडातून निघत नसे. मराठीत त्याला नुसतं 'तिथे' म्हणायचं, आणि ते 'तिथे' कळणारं माणूस मिरजेत होतं. पहिली पाळी आली तेव्हा ताई काही न सांगता रात्रभर पाठीला पाठ लावून झोपली होती. मलम लावून पडल्यावर त्यांना तेवढीच एक पाठ हवी होती. बाकी युरोपात सगळं मिळतं.

सप्टेंबरात मात्र राहवेना. फोनवर त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"ताई, तिथे जरा गडबड निघालीये. पाप तीन म्हणतात."

"आपल्या घरात एवढं करायला वेळ कुणाला होता गं?" ताई हसली. मग म्हणाली, "पाळी गेल्यावरसुद्धा बघतात होय तिथे?"

"म्हणजे? तू कधी केलीस ही तपासणी?"

"दुकान बंद झाल्यावर कुलूप कोण तपासतं?"

"ताई, थट्टा नको. उद्या जा."

"एकटी? त्या टेबलावर? छे बाई! तू आलीस की बघू."

अठ्ठावीस तारखेला तपासणी झाली. दहा दिवसांनी फोन आला: सगळं व्यवस्थित. शशिकांतरावांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि गारठ्याला दोष दिला.

ऊर्मिलाबाईंनी मिरजेला फोन लावला. "ताई, सुटले मी. काही नाहीये."

"देव पावला," ताई म्हणाली. "ऊर्मे, शेजारची मला त्या तपासणीला घेऊन गेली होती. इथल्या डॉक्टरांनी पण पुन्हा बोलावलंय. वेगळं दिसतंय म्हणे."

"अगं, माझंही दिसलं होतं. वयानं होतं तसं."

"हो. तेही म्हणाले तसंच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताई गॅस बंद करायला उठली नाही.

इतकी वर्षं प्रत्येक फोनवर 'कधी येतेस' विचारणारी ताई आज तसं विचारत नव्हती.

"लवकर ये," ती म्हणाली.