चौथं कलम

मी पाट्या आणि भिंती रंगवणारा पेंटर होतो. आमच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर मला सात कलमं लिहायची होती आणि त्यातल्या चौथ्यावर माझा मनापासून विश्वास नव्हता. हे मी तेव्हा कुणालाच बोललो नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमची मंडळी पत्र्याच्या एका हॉलमध्ये दर रविवारी जमत असे. २००१ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर हॉलची समोरची भिंत पक्की बांधून झाली. आमच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, ठरवलं, की आपण काय मानतो ते तिच्यावर ठळक लिहून ठेवायचं, म्हणजे दारातून आत येणाऱ्या नव्या माणसाला ते न विचारता कळेल. वहीच्या एका पानावर त्यांनी कलमं लिहून दिली. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आहे. देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहे. प्रभू येशू कुमारीच्या पोटी जन्मला, आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी जिवंत झाला. मग चौथं : माणसाचं तारण त्याच्या चांगल्या कामांनी होत नाही; ते देवाच्या कृपेचं दान आहे आणि विश्वासानं नुसतं घ्यायचं असतं. त्याच्यापुढे नवा जन्म, मंडळी आणि बाप्तिस्मा, आणि शेवटी प्रभूचं परत येणं.

पहिली तीन कलमं माझ्या हातून सरळ उतरली. चौथ्याशी आलो की मी ब्रश धुवायला जायचो, चहा प्यायला जायचो, शिडी उगाच इकडची तिकडे करायचो. नुसतं घ्यायचं, म्हणजे काय? मी तर आठ वर्षं फेडत आलो होतो.

मी आष्टीकडच्या एका शेतकरी घरातला धाकटा मुलगा. कामासाठी वर्ध्याला आलो, इथे मला प्रभूची ओळख झाली, आणि १९९३ साली पवनारच्या अलीकडे धाम नदीत मी बाप्तिस्मा घेतला. घरी सांगायला गेलो तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, दारात उभा राहिला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तू तुया रस्त्यानं गेला. आता या घराचा रस्ता इसरून जाय." माय त्याच्या मागे उभी होती. तिच्या हातात पाण्याचा गडवा होता, मला द्यायला आणलेला. तो तिच्या हातातच राहिला.

काही महिन्यांनी दादाचं आंतर्देशीय पत्र आलं. माय आजारी आहे, तुझी आठवण काढते, येऊन जा. मी गेलो. आष्टीच्या स्टँडवर उतरलो आणि तिथल्या बाकावर बसलो. घर तिथून पायी वीस मिनिटांवर. पण दादाचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दोन तास बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो. पुढच्या आठवड्यात माय गेली. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी शर्टाच्या खिशात ठेवू लागलो. शर्ट बदलला की पत्र दुसऱ्या शर्टाच्या खिशात जायचं.

तेव्हापासून मी देवाच्या घरात राबत होतो. हॉल झाडायचो, चटया धुवायचो, पाणी भरायचो, रंगकाम फुकट करायचो. एकदा पाळक मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही प्रभूच्या घरी कधी बसतच नाही. सारखं काहीतरी करत असता." मी हसलो. देवानं पापं क्षमा केली असतील, पण ती इतरांची, माझं हे एक सोडून, असंच मी धरून चाललो होतो.

त्या दुपारी हॉलमध्ये मी एकटाच होतो. पत्रे तापले होते. शेवटी धीर करून मी चौथं कलम लिहायला घेतलं आणि "कृपे"पर्यंत आलो. तेवढ्यात ब्रश खाली पडलेला दिसला. तो माझ्या हातून सुटला हे मला कळलंच नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी पडला असं वाटलं. मग अक्षरं भिंतीवरून सुटी झाली. पाण्यावर पानं हलावीत तशी ती हळूहळू हलत होती आणि मी त्यांच्यामधून खाली खाली जात होतो. भीती वाटली नाही. फक्त सगळं फार लांब गेल्यासारखं झालं. त्या लांबवरून एक चेहरा माझ्यावर वाकला, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला. "उठू नोका भाऊ," तो म्हणाला. "धरलं म्या तुमाले." त्याचे हात खरबरीत होते आणि थंड होते. इतक्या उन्हात त्याचे हात थंड कसे, एवढाच विचार मला सुचला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात जाग आली तेव्हा उजवी बाजू माझी राहिली नव्हती. वाचाही गेली होती. नर्सबाईंनी सांगितलं, एका माणसानं ऑटोतून आणलं, खाट मिळेपर्यंत थांबला आणि निघून गेला. नाव सांगितलं नाही. आमच्या मंडळीतल्या कुणालाही तो माणूस ठाऊक नव्हता.

त्या दिवसांची मला सलग आठवण नाही. खिडकीतून ऊन यायचं, भिंतीवर चढायचं, उतरायचं. मंडळीतले लोक पाळीपाळीनं येऊन बसायचे. पाळक माझा हात धरून प्रार्थना करायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्या मागे शब्द शोधत जायचो, पण एकही शब्द हाती लागत नसे. "प्रभू" हा शब्दसुद्धा नाही. हात गेल्याचं दुःख मला होतंच, पण प्रार्थना गेल्याचं त्याहून मोठं होतं. आता देवाला द्यायला माझ्याकडे काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी डाव्या पायाला ऊब लागली. कुणीतरी ओल्या कापडानं माझे पाय पुसत होतं. स्वप्न असेल म्हणून मी डोळे उघडले नाहीत. मग आवाज आला, "जागा हायेस तू. मले समजते."

दादा होता. केस पांढरे झाले होते. पाय पुसून झाल्यावर त्यानं डब्यातली पेज वाटीत काढली आणि चमचा माझ्या तोंडाजवळ आणला. माझे डोळे वाहू लागले. "काऊन रडून राह्यला?" तो म्हणाला. "तोंड उघड. थंडी होऊन राह्यली."

पोटात दोन घास गेल्यावर मी बोलायचा प्रयत्न केला. आठ वर्षं जे सांगायचं होतं ते सगळं घशाशी आलं, आणि बाहेर पडलं फक्त "मा... मा..."

दादानं वाटी खाली ठेवली. "मायले माहीत होतं," तो म्हणाला. "तू स्टँडवर येऊन वापस गेला ते. आपल्या गावच्या एकानं पाह्यलं होतं तुले. मी लय चिडलो. माय म्हणे, त्याले काई बोलू नोको, तो लहानपणापासून भेवाडा हाये. इथपर्यंत आला नं, म्हणे, मले पोचलं ते. तिनं तुयावर काई ठेवलं नाई रे. जाताना मले म्हणून गेली, त्याले टाकू नोको. अन् मी टाकलं." मग त्यानं पुन्हा वाटी उचलली.

त्यानं खिशातून एक पोस्टकार्ड काढून मला दाखवलं. तुमचा माणूस सेवाग्रामला भरती आहे, लवकर या, एवढंच लिहिलेलं. खाली नाव नाही. खाटेखालच्या पिशवीत माझा रंगानं भरलेला शर्ट होता. त्याच्या खिशात ते जुनं पत्र नीट घडी घालून ठेवलेलं निघालं, आणि त्याच्या मागच्या बाजूवर दादाचा पत्ता होता. कार्ड लिहिणारा कोण, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. मीही आता शोधत नाही.

त्या दिवशी दुपारी दादा खाटेशेजारी खाली बसून पेंगत होता. मी जागा होतो की झोपेत, सांगता येणार नाही. मला वाटलं मी धाम नदीत आहे, बाप्तिस्म्याच्या दिवसासारखा उताणा, आणि पाठीखाली कुणाचातरी हात आहे. बाप्तिस्मा घेताना मी पाय वाळूत घट्ट रोवून ठेवले होते, पडेन म्हणून. आता पाय रोवायला ताकदच नव्हती. मी सगळं अंग सोडून दिलं. पाठीखालचा तो हात हलला नाही. पाणी कोमट होतं आणि वर नुसता उजेड होता. मी काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही, कसलं वचन दिलं नाही. मला धरलेलं होतं. जागा झालो तेव्हा उशी ओली होती आणि मनावरचं आठ वर्षांचं ओझं कुठेच नव्हतं. मी चाचपून पाहिलं, खरंच नव्हतं.

वाचा हळूहळू परत आली. काठी घेऊन चालू लागलो. उजव्या हाताची बोटं मात्र अर्धवटच वळतात, त्यामुळे पेंटरकी संपली. भिंतीवरची राहिलेली कलमं दुसऱ्या पेंटरनं पुरी केली. त्याची अक्षरं जरा बसकी आहेत. रविवारी मी चटईवर बसतो, ती वाचतो, आणि चौथ्याशी आता अडखळत नाही. मी ते शिकलो ते शास्त्रात पारंगत होऊन नाही. माझ्याजवळचं सगळं काढून घेतलं गेलं तेव्हा कळलं, की मी मागण्याच्या आधीच मला क्षमा दिलेली होती. मीच ती आष्टीच्या स्टँडवर न उचलता ठेवून आलो होतो.

दादा आजही देवळात जातो. मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि तो माझ्या हातासाठी नारळ फोडतो. या गोष्टीवर आम्ही भांडत नाही. त्याचं काय ते माझा प्रभू पाहील. त्यालाही तसंच धरलेलं असावं एवढंच मी मागतो.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर त्याच्याकडे राहिलो. एका सकाळी तो बागेतून आला आणि ओसरीवर माझ्याशेजारी बसला. त्यानं एक संत्रं काढलं, सोललं, फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढले आणि माझ्यापुढे हात केला. राहू दे, मी करतो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी डावा हात पुढे केला आणि घेतलं.