पापडाचं वजन

माझ्या शिकवणीत उत्तर लगेच मिळत नाही, ही माझी ख्याती आहे आणि बदनामीही. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझी एक खोली आहे. तिथे आठवी ते दहावीची मुलं विज्ञान शिकायला येतात. आल्याआल्या कुणीतरी घरातला एखादा प्रश्न टाकायचा. दूध उतू जातं, मग पाणी का नाही जात? फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम का फुटतो? मुलं भांडतात, अंदाज बांधतात, घरी जाऊन करून बघतात. पुस्तक उघडतं ते त्यानंतर. आनंदनगरच्या कारखान्यात ऑफिसर असलेल्या एका पालकांनी मला एकदा विचारलं होतं, "सर, उत्तर तुम्हाला येतं ना नक्की?" मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण प्रश्न दोन दिवस डोक्यात मुरल्याशिवाय त्याचं उत्तर पचत नाही, यावर मी अडून आहे.

यंदा दिवाळीनंतर उल्हासनगरच्या एका पालकांचा फोन आला. त्यांची मुलगी नववीत, माझ्या वर्गातली सगळ्यात चौकस. तिच्यामुळे माझा तास रंगतो. वडील म्हणाले, "सर, बुरा मत मानना, पण चाचणीत मार्क कमी आले. स्टेशनजवळच्या क्लासमध्ये तयार नोट्स देतात. अगले महीने से उधर डालते हैं." ही पोरगी आता तयार उत्तरं घोकायला लागणार, हे मला बघवलं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी थडकलो.

खाली त्यांचं पापड-लोणच्याचं दुकान, वर घर. सिंधी घरात पाहुणा टेकला की आधी पापड आणि पाणी येतं, बोलणं नंतर. आजीबाई गॅसपाशी गेल्याच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "तिला काढू नका, एवढंच सांगायला आलोय," मी म्हणालो. गृहस्थ भले होते. हसून म्हणाले, "सर, सवालों से मार्क थोड़ी मिलते हैं."

मुलगी गॅसकडे बघत उभी होती. मध्येच म्हणाली, "पापा, भाजलेला पापड कच्च्यापेक्षा हलका असतो का?"

"वजन कुठे जाणार? पापड तोच ना? इतने साल से बेच रहा हूँ."

"त्यातलं पाणी जातं. मी म्हणते, हलका होतो."

"चल, लागली शर्त. तू बरोबर निघालीस तर सरांकडेच राहा. नाहीतर एक तारखेपासून नवा क्लास."

मुलीचं शिक्षण असं पैजेवर ठरवायचं नसतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. उत्तर मला माहीत होतं ना.

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वर आला. एक पाकीट फोडून सगळे पापड तिने ताटासकट तोलले. आजी एकेक भाजत गेल्या, ताटात चळत वाढत गेली. निवल्यावर ताट परत काट्यावर चढलं. आकडा चांगलाच उतरला होता. वडिलांनी दोन्ही हात वर केले. "मान गए. राहू दे सरांकडे." मला इतका आनंद झाला की टाळीच वाजवणार होतो.

मुलगी मात्र चळतीकडे निरखून बघत होती. "थांबा. सर, तुम्ही मघाशी खाल्लात तो पापड यातलाच होता?"

मी समोरच्या बशीकडे पाहिलं. नुसता चुरा उरला होता. भाजून झालेला पहिला पापड आजींनी सवयीने पाहुण्यापुढे ठेवला, आणि पाहुण्याने सवयीने तो फस्त केला. त्या घरात हात आपोआप तसा चालतो.

"मग परत करायला लागेल," ती म्हणाली.

"अरे, जिंकलीस ना तू? अब क्या?"

"पण पापा, कमी झालेल्या वजनात सरांच्या पोटातला पापडही धरलाय. पाणी किती गेलं, ते कुठे कळलं?"

क्षणभर मीच घाबरलो, पोरगी हातचं घालवतेय म्हणून. मग लक्षात आलं, पैज तिच्या ध्यानातच नव्हती. तिला फक्त पाणी किती गेलं ते हवं होतं. इतक्या वर्षांत मला जे शिकवायचं होतं ते एवढंच होतं.

दुसरं पाकीट फुटलं. या वेळी चिमटा वडिलांनी घेतला, आजींना ताटापासून लांब बसवलं, आणि मला तर हात मांडीवरच ठेवायची ताकीद मिळाली. आकडा पुन्हा उतरला. मघापेक्षा कमी, पण उतरला. "आता बरोबर," मुलगी म्हणाली, आणि वाद मिटला.

मग चहा झाला, गप्पा झाल्या. क्लासचा विषय कुणीच काढला नाही. निघताना चपला घालता घालता मी धीर करून विचारलं, "मग पुढच्या महिन्याचं काय ठरलं?"

वडील काट्यावर वाकले होते. भाजलेल्या पापडांचं ताट अजून तिथेच होतं. "येईल ना ती, नेहमीच्या वेळेला," ते मान वर न करता म्हणाले. "पण सर, हे बघा. याचं वजन परत वाढतंय. कुणी हात लावला नाही, काही टाकलं नाही. मग वाढतं कसं?"

मुलगी सांगायला पुढे झाली. त्यांनी पंजा वर करून तिला थांबवलं.

"नको सांगू. मला विचार करू दे."