आबिड्सला फुकट विल

माझी फजिती नवी नाही. ऑफिसात होते, लग्नकार्यात होते, घरी तर रोजच होते. पण साक्षात देवाच्या दारात, भर सभेत उभं राहून मी स्वतःच्या हातानं करून घेतली ती एकदाच. चहा घ्या, सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. म्हणजे मला सगळं माहीत असतं. नोकरीसाठी हैदराबादला येऊन बरीच वर्षं झाली, पण इथल्या लोकांना मार्गदर्शन करायचं काम काही संपत नाही. त्यातलं सर्वांत जास्त मार्गदर्शन ज्यांच्या वाट्याला आलं, त्या कुमुदआत्या. माझ्या बायकोच्या, वैशालीच्या आत्या.

आत्या जुन्या हैदराबादी. घराणं परभणीकडचं, पण आजोबांपासून सगळे इथेच. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मूलबाळ नाही, नारायणगुड्याला स्वतःचा फ्लॅट. आणि सासरकडचे दोन पुतणे, ज्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: फ्लॅट माझा.

"मी डोळे मिटले की हे दोघं तेराव्याचं जेवण कोर्टातच घालतील," आत्या एकदा म्हणाल्या. "विल करून टाकावं म्हणते. पण वकिलाकडे जायचं जिवावर येतंय."

"आत्या, मी आहे ना," मी म्हणालो. या तीन शब्दांनी आमच्या घराचं आजवर जेवढं नुकसान केलंय, तेवढं वाळवीनंही केलं नसेल.

त्याच आठवड्यात आबिड्सच्या सिग्नलला गाडी थांबली, आणि समोर एका चर्चच्या फाटकावर इंग्रजी बोर्ड दिसला. 'फ्री विल? रविवारी संध्याकाळी पाच वाजता. सर्वांचे स्वागत.'

घ्या. ही मंडळी डोळे फुकट तपासतात, दात फुकट तपासतात, आता मृत्युपत्रही फुकट करून देतायत. प्रश्नचिन्ह मला दिसलं नाही असं नाही. पण मला वाटलं, ती आग्रहाची पद्धत असेल. फुकट विल पाहिजे का? या की मग.

"अरे, आधी फोन करून विचार तरी," वैशाली म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मला इंग्रजी वाचता येतं."

रविवारी मी आत्यांना घेऊन हजर. आत्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फ्लॅटचे कागद, आधार कार्ड, पासपोर्ट साइज फोटो. हॉलमध्ये गोलाकार खुर्च्या आणि मधोमध पास्टर सॅम्युअल, पन्नाशीचे, हसतमुख. आधी प्रार्थना झाली. "आपल्याकडे कामाआधी गणपती असतो ना, तसं," मी आत्यांच्या कानात सांगितलं. मार्गदर्शन चालूच.

मग पास्टरनी सगळ्यांना विचारलं, "बोलो, इन्सान की अपनी विल है के नै?"

आत्यांनी हात वर केला. "मेरी तो नै है. उसीच के वास्ते आई मैं."

पास्टर थक्क झाले. "सुने? लोगां ज़िंदगीभर चर्च में बैठते, पन ये बोलने की हिम्मत नै होती." सगळा हॉल आत्यांकडे आदरानं बघायला लागला. शेजारच्या बाईंनी तर त्यांचा हात हातात घेतला. मी मनात म्हटलं, सर्व्हिस चांगली आहे.

तेवढ्यात समोरच्या दोघांत जुंपली. एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "जग निर्माण व्हायच्या आधीच देवानं सगळं ठरवून ठेवलंय. कोण तरणार, कोण बुडणार, सगळं. आपल्या हातात काही नाही." त्यावर कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मग पाप केलं तर जबाबदार कोण? देव? त्यानं माणसाला निवड दिली, म्हणून तर तो जाब विचारतो."

मी समजलो, यांचाही प्रॉपर्टीचाच वाद दिसतो. नंबर यांचा आधी असणार.

आत्यांनी मात्र नेमकं एकच वाक्य पकडलं. "आधीच ठरवून ठेवलंय? मला न विचारता? साक्षीदार कोण?"

पास्टरचा चेहरा उजळला. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, अम्मा."

आत्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, बापलेक साक्षीला चालतात का हो?"

"एका घरातले नकोत," मी तज्ज्ञासारखं सांगितलं.

पास्टर पुढे आले आणि फार मायेनं म्हणाले, "सगळं मुळात त्या फादरचंच आहे, अम्मा. घर, दार, सगळं. आपण फक्त सांभाळणारे. एकदा त्याच्या हाती सोपवा, मन हलकं होईल."

आत्यांनी पिशवी छातीशी धरली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा डाव आहे तर.

मी उभा राहिलो. आवाज चढवून, अस्खलित इंग्रजीत सुनावलं, "आम्ही शिकलेली माणसं आहोत. फ्लॅट आत्यांच्या नावावर आहे आणि तो कुठल्याही फादरच्या नावावर होणार नाही. फुकट विलच्या नावाखाली म्हाताऱ्या बायकांची घरं लाटता? मी पोलिसांत जाईन."

पास्टरनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्यांच्या पिशवीकडे.

"कौनसा फ्लॅट?" पास्टरनी विचारलं.

उलगडा आधी कॉलेजच्या बाईंना झाला. त्यांनी तोंडावर ओढणी धरली. मग लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं, की हे विल म्हणजे मृत्युपत्र नव्हे. फ्री विल म्हणजे माणसाची स्वतंत्र इच्छा. सगळ्यावर देवाची सत्ता असेल तर माणसाला स्वतःची मर्जी उरते का, असा आजचा विषय. सुभेदार हसता हसता खोकायला लागले. दोन्ही पक्षांत समेट झाला तो असा, माझ्यावर.

"चला आत्या," मी पुटपुटलो.

"थांबा हो. विषय चांगलाय." आत्या हलल्या नाहीत. पास्टरना म्हणाल्या, "देवाला आधीच ठाऊक आहे ना, माझ्या दोन पुतण्यांपैकी फ्लॅट कोणाला जाणार? मग मी कशाला डोकं शिणवू? तोच बघेल."

पास्टर हसले नाहीत. "ठाऊक आहे, अम्मा. पण ठाऊक असणं म्हणजे हात धरून लिहून घेणं नव्हे. राज्य त्याचं, निवड तुमची, आणि जाबही तुम्हालाच द्यायचा. नै लिखे, तो वो भी आपकीच मर्ज़ी. उद्या पुतणे भांडले तर देवाची इच्छा म्हणून त्याच्या माथी मारू नका."

"राज्य त्याचं आणि निवड माझी. दोन्ही खरं कसं?"

"वो पूरा समझ में आता, तो हम हर इतवार कायकू बैठते?"

हे उत्तर आत्यांना फार आवडलं. पुढच्याच आठवड्यात त्या वकिलाकडे गेल्या. आग्रह करून मला आणि वैशालीलाही नेलं. फ्लॅट दोन्ही पुतण्यांना निम्मा निम्मा. वकिलानं विचारलं, याची अंमलबजावणी कोण करणार? म्हणजे आत्यांच्या माघारी त्या दोघांना समोरासमोर बसवायचं, कचेऱ्यांचे खेटे घालायचे, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, आणि स्वतःला एक वीटसुद्धा नाही.

"आमचे जावई करतील," आत्या म्हणाल्या.

"अहो आत्या, पण माझी इच्छा..."

"आहे ना. देवानंच दिलीय. नाही म्हणायची पूर्ण मोकळीक आहे तुम्हाला."

मी वैशालीकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती.

मग मी, माझ्या संपूर्ण स्वतंत्र इच्छेनं, वकिलाला विचारलं, "पेन आहे का?"