सुटलेले तीन घोडे आणि माझे पायदळ

परवा सकाळी, सोनईजवळच्या आमच्या रानात, माझ्या व्याख्यानाचा मुख्य सिद्धान्त माझ्याच डोळ्यांदेखत कोसळला... आणि मला त्याचे मुळीच दुःख नाही.

विषय होता प्राचीन पायदळ विरुद्ध गवताळ प्रदेशांतले भटके घोडेस्वार. भाले रोखून शिस्तीने उभ्या राहिलेल्या रांगेवर चालून जायला घोडा धजावत नाही. म्हणून अखेर पायदळच जिंकेल, असे मी लिहून ठेवले होते. व्याख्यान येत्या रविवारी, वाचनालयात.

खतासाठी आमच्या रानात दरवर्षीप्रमाणे धनगरांची मेंढरे बसली होती. त्यांच्यातील धोंडाबाई साठीच्या पुढच्या; बिऱ्हाड वाहायला त्यांच्याकडे चार घोडे. व्याख्यानात दाखवण्यासाठी मला मोकळ्या घोड्यांचे छायाचित्र हवे होते, म्हणून त्या घोड्यांच्या पायांतले दोर सोडण्याचा आग्रह मीच धरला.

"सोडते, पर उधळली तर मला म्हनू नका," असे बजावून त्यांनी तीन घोडे सोडले... आणि ते थेट माझ्या मुलाच्या, सुधीरच्या, कांद्याच्या रोपाकडे निघाले. त्याची साऱ्या हंगामाची लावण त्या चार वाफ्यांवर अवलंबून होती.

मी, सुधीर आणि दोन गडी काठ्या रोखून वाफ्यांपुढे ओळीने उभे राहिलो. घोडे दहा पावलांवर थबकले! सिद्धान्त सिद्ध झाला, असे मला क्षणभर वाटलेही... मग त्यांनी शांतपणे आमच्या ओळीला वळसा घातला. आम्ही मागे धावलो, तशी ओळही मोडली.

"नाना, निघाला का फोटो?" सुधीर धापा टाकत ओरडला.

तेवढ्यात चौथ्या घोड्यावरून धोंडाबाई आल्या. खोगीर नाही, लगाम नाही. मुठीत केवळ आयाळ. समोरून नव्हे... दुरून, कडेकडेने. घोडे जिकडे वळत, तिकडे त्या आधीच पोहोचलेल्या असत. पाहता पाहता तिन्ही घोडे माघारी फिरले. एका वाफ्याच्या कडेला खुरांचे ठसे उमटले; बाकी सारे रोप वाचले.

मी थक्क होऊन उभा. काठी अजून रोखलेलीच.

"मास्तर, कुनावर रोखलीया?" त्या हसल्या. "घोडं कशाला तुमच्या अंगावर यील? त्याला चारी बाजूंनी वाट हाय की!"

तासाभरात त्यांचे बिऱ्हाड घोड्यांवर चढले. मागे उरली फक्त तीन दगडांची चूल. आमच्या पाठीशी वाफे होते, म्हणून आम्ही खिळून उभे होतो. त्यांच्या पाठीशी एका जागी उभे राहून राखण्यासारखे काहीच नव्हते...

"रविवारी व्याख्यानाला या," मी म्हणालो.

"रईवारी आमी कुटं असू, आमाला तरी कुटं ठावं?"

व्याख्यान मी पुन्हा पहिल्या पानापासून लिहितो आहे. सुरुवात धोंडाबाईंच्या नावाने.