तो दगड मी उलटाच टाकून आले

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर हसणारी बाई. माहेर कसबा पेठेतलं, शिक्षण झूलॉजीचं – दोन्हीकडे पहिला प्रश्न "पुरावा काय?" हाच. तरीही हे लिहितेय. पटलंच पाहिजे असा आग्रह नाही.

हिंजवडीत आयटी कंपन्या भराभर उघडत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी एम.एस्सी.ला होते, मरीन बायॉलॉजी घेऊन. (पुण्यात समुद्र कुठला, हा विनोद सगळ्यांचा करून झालाय.) विश्रांतवाडीत आत्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायचे. सोबत वैशाली – यवतमाळची, सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागलेली. तिची दुपारची शिफ्ट, एक वाजता कंपनीची बस. दीड वर्ष आमचं मस्त जमलं होतं. तिची तक्रार एकच – माझ्या सॅम्पलच्या बाटल्यांचा वास.

एका रविवारी आमचा वर्ग सरांबरोबर रत्नागिरीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर कलेक्शनला गेला. ओहोटीला दगड उलटायचे आणि खालचे खेकडे, शिंपले, तारामासे गोळा करायचे. सरांचा नियम कडक – उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं. मी शेवटचा मोठा दगड उलटला, तेवढ्यात पाणी चढायला लागलं, सरांनी शिट्टी मारली... आणि मी तो तसाच टाकून पळाले. कुणाला बोलले नाही.

सोमवारी सकाळी दारातल्या माझ्या चपला उलट्या. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात. मी हसून सरळ केल्या. मंगळवारी माझं स्टूल पाय वर करून. बुधवारी माझी कुंडी उपडी. सगळं माझंच, वैशालीचं काहीच नाही! मला शंका आली. आम्हा झूलॉजीवाल्यांची सवय अशी, की काही दिसलं की आधी वेळ लिहायची, पेन्सिलीने. सोमवारपासूनच्या वेळा फील्डबुकात होत्याच, आता रोज मुद्दाम टिपायला लागले. म्हटलं, पकडतेच हिला.

"स्टुलाशी काय खेळ चाललाय तुझा?" मी विचारलं.

"मी कायले हात लावू तुह्या स्टुलाले?" चिडली की ती यवतमाळचं बोलायची.

वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. शनिवारी तर माझ्या सॅम्पलच्या बाराही बाटल्या झाकणावर उभ्या! दोन गळून आतले प्राणी वाळले होते. सबमिशन तोंडावर. माझं डोकंच फिरलं.

"फ्लॅट माझ्या आत्याचा आहे. आजच बॅग भर."

"मी नाही केलं वं. आईची शपथ."

"शपथा कोर्टात घेतात."

ती रडत नव्हती. एकची बस यायच्या आत बॅग घेऊन गेली.

रविवारी मी एकटी. दाराला आतून कडी. साडेअकराला आंघोळ करून बाहेर आले तर चपला, स्टूल, कुंडी, बाटल्या – सगळं उलटं. सवयीने वेळ लिहिली आणि तिथेच फरशीवर बसले. खूप घाबरले.

सोमवारी वाळलेल्या सॅम्पलचं विचारायला सरांकडे गेले. त्यांनी फील्डबुक चाळलं. साडेसहा, सात वीस, आठ दहा... रोज पाऊण-एक तास उशिरा.

"ओहोटीच्या नोंदी चांगल्या घेतल्यास," ते म्हणाले. "पण तू तर आठवडाभर पुण्यात होतीस ना?"

त्यांनी भरती-ओहोटीचा तक्ता काढला. सातही वेळा त्याच किनाऱ्याच्या ओहोटीच्या. पाच-दहा मिनिटांचा काय तो फरक.

मी एसटीने एकटीच त्या किनाऱ्यावर गेले. पाणी तितकंसं उतरलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून चाचपत दगड शोधला. उलटताना गुलाबी दिसलेली त्याची खालची बाजू आठवडाभर उन्हात पांढरीफटक पडली होती. जोर लावून तो होता तसा ठेवला. घरी त्यानंतर काहीही उलटं झालं नाही. सर योगायोग म्हणतात. सात वेळा?

त्याच आठवड्यात वैशालीला फोन करून सगळं सांगितलं. माफी मागितली.

"म्हणजे दगडानं सांगितलं तं तुले पटलं," ती म्हणाली. "मी सांगत होती, तवा काहून नाही पटलं?"

फोन ठेवला तिने.