प्रज्ञाने मान वळवली

टेबलाच्या खणात आज जुना प्लास्टिकचा खुळखुळा सापडला आणि रिठद गावची ती शाळा आठवली.

मी तेव्हा श्रवणतज्ज्ञ होण्यासाठी शिकत होते. शाळेच्या एका वर्गात आमचं तपासणी शिबिर होतं. सुनीता आपल्या वर्षाच्या मुलीला, प्रज्ञाला, मांडीवर घेऊन बसली.

"सासू म्हनते, पोरगी बहिरी हाय. तुमीच पाहा, ताई."

मी मुलीला दिसणार नाही अशी मागे बसले आणि उजवीकडे खुळखुळा वाजवला. प्रज्ञाने चटकन मान वळवली. डावीकडेही तसंच झालं.

"ऐकू येतं हिला," मी म्हणाले.

सुनीताने तिचे पटापट मुके घेतले. "मले मालूम होतं वो! आता घरी जाऊन सांगतो सगळ्यायले."

त्या गेल्यावर मी सामान आवरायला तिथेच बसले. मागच्या दारातून ऊन येत होतं. खुळखुळा उचलला, तशी माझ्या हाताची सावली पुढे फरशीवर हलली, अगदी प्रज्ञा वळून पाहत होती तिथे.

मी धावत फाटकाबाहेर गेले. त्यांचा ऑटो निघून गेला होता. घाईत मी त्यांच्या गावाचं नावही लिहून घेतलं नव्हतं. नंतर आसपासच्या गावांत विचारलं, पण पत्ता लागला नाही.

प्रज्ञाला ऐकू येत होतं का, हे मला आजही माहीत नाही. येत नसेल, तर हाकेला ओ देत नाही म्हणून तिने किती मार खाल्ला असेल. आणि मारताना सुनीता म्हणत असेल, "आयकू येते तुले. ताईनं सांगतलं मले."